ब्लू कार्डाची मुदतवाढ आधी, की थेट पीआरचा अर्ज?

वाचकांचे प्रश्न

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलामुलींची आणि मुंबईत राहणाऱ्या त्यांच्या पालकांची पत्रे गेले काही महिने सातत्याने येत आहेत. हातातील ब्लू कार्डाची, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांना तेथे मिळणाऱ्या वास्तव्य-परवान्याची, मुदत संपत आली आहे आणि कायमच्या वास्तव्याची, म्हणजे ज्याला सगळे पीआर म्हणतात त्याची पात्रताही टप्प्यात आली आहे, अशा वेळी आधी कोणते पाऊल टाकावे, हा त्यांतील बहुतेकांचा प्रश्न आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझा मुलगा १ सप्टेंबर २०२४ पासून म्युनिक येथे एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्याचा नोकरीचा करार दोन वर्षांचा, म्हणजे ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतचा असून ब्लू कार्ड ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे. पासपोर्ट फेब्रुवारी २०२७ मध्ये संपतो. कंपनीचे एचआर म्हणते की कार्डाची मुदतवाढ वेळेत करून घ्या. त्याचे मित्र म्हणतात की मुदतवाढ घेतली की पीआरसाठी धरले जाणारे महिने पुन्हा शून्यापासून मोजतात, म्हणून थेट पीआरचाच अर्ज करावा. मुलाची जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षा मुंबईत असतानाच झाली होती, ए-टू तिकडे झाली, बी-वन मात्र राहिली आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : मित्रांचे म्हणणे मनातून काढून टाकावे. मुदतवाढीमुळे महिने पुसले जात नाहीत. पीआरसाठी कार्ड किती वेळा बदलले हे पाहिले जात नाही. ब्लू कार्डाला शोभेल अशी नोकरी किती महिने केली आणि त्या महिन्यांत पेन्शन विम्याचा हप्ता भरला गेला की नाही, एवढेच पाहिले जाते. मुंबईहून जाताना पासपोर्टवर मिळालेल्या राष्ट्रीय व्हिसावर, प्रत्यक्ष कार्ड हाती येण्यापूर्वी, त्याने जे महिने काम केले असेल तेही या हिशेबात धरले जातात. त्यामुळे मोजणी कार्डावरील तारखेपासून न करता नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे १ सप्टेंबर २०२४ पासून करावी.

आता किती महिने, हे भाषेवर ठरते. ए-वन पातळीचे जर्मन येत असल्यास २७ महिने लागतात आणि बी-वनचे प्रमाणपत्र असल्यास २१ महिने पुरतात. (नोव्हेंबर २०२३ पूर्वी बी-वन नसणाऱ्यांना ३३ महिने थांबावे लागे, जुन्या माहितीवर चालणारे लोक अजूनही तोच आकडा सांगतात.) ए-टूला स्वतंत्र सवलत नाही, ती ए-वनच्याच रांगेत बसते. म्हणजे आपल्या मुलाचे २१ महिने ३१ मे २०२६ रोजी पूर्ण होतील आणि २७ महिने ३० नोव्हेंबर २०२६ रोजी, म्हणजे नेमके कार्ड संपते त्याच दिवशी.

हा योगायोग दिसायला सोयीचा आहे, परंतु त्यावर विसंबून राहता येणार नाही. ब्लू कार्ड जास्तीत जास्त चार वर्षांसाठी मिळते, आणि करार त्याहून कमी मुदतीचा असेल तर कराराची मुदत अधिक तीन महिने एवढ्यासाठीच मिळते. आपल्या मुलाच्या कार्डावरील शेवटचे तीन महिने हे असे जोडलेले आहेत. करार ऑगस्टअखेर संपला आणि पुढची नोकरी नसली, तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने कार्डावर असतील, पण पीआरच्या हिशेबात नसतील, कारण त्या काळात ना नोकरी असेल ना पेन्शनचा हप्ता. मोजणी २४ महिन्यांवरच थांबेल. तेव्हा ए-वनच्या जोरावर २७ महिने गाठायचे असतील तर ऑगस्टनंतरचा करार हाती असणे ही पहिली अट आहे. तो करार झाला तरी, कार्ड संपण्याच्या दिवशीच पात्र ठरणाऱ्या माणसाने आधी मुदतवाढ मागणेच शहाणपणाचे आहे. एचआरचा सल्ला या परिस्थितीत बरोबर आहे.

बी-वन झाली तर मात्र सारे चित्र पालटते. मग जूनच्या सुरुवातीलाच तो पात्र होतो आणि हातात सहा महिने शिल्लक असलेले कार्ड राहते. म्हणून माझे सारे लक्ष या परीक्षेवर राहील. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात आणि हे भाग वेगवेगळ्या वेळीही देता येतात, म्हणजे एक भाग राहिला म्हणून पुन्हा सगळी परीक्षा देण्याची गरज नाही. म्युनिकमध्ये तो ही परीक्षा देऊ शकतो. मे महिन्यात सुटीवर येणार असेल तर काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनातही देऊ शकतो, फक्त जागा आधी नोंदवावी लागते. टेल्क या दुसऱ्या परीक्षा संस्थेचे प्रमाणपत्रही तेथील परदेशी नागरिक कार्यालये, म्हणजे हे अर्ज घेणारी कार्यालये, मान्य करतात. पात्रतेच्या दिवशी प्रमाणपत्र हातात असले पाहिजे. 'परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे' एवढे पुरत नाही.

दुसरी बाब कराराची. कार्यालय अर्जदाराचे पोट पुढेही चालणार आहे का हे पाहते, आणि जूनमध्ये अर्ज करणाऱ्याचा करार ऑगस्टमध्ये संपत असेल तर फाइल तेथेच अडते. म्हणून कंपनीकडून पुढच्या नोकरीचे लेखी पत्र अर्जापूर्वी मिळवावे. जर्मन कायद्यात विशिष्ट कारण न दाखवता केलेला मुदतीचा करार साधारणपणे दोन वर्षांपलीकडे नेता येत नाही. त्यामुळे कंपनीला त्याला ठेवायचेच असेल तर बहुधा कायमचा करार द्यावा लागेल. हे बोलणे मुलाने उन्हाळ्यापर्यंत लांबवू नये, आताच काढावे. नवी नोकरी धरून नवा परिवीक्षा काळ सुरू करण्याचा विचार असेल, तर तो शक्यतो पीआर हाती पडेपर्यंत थांबवावा, कारण परिवीक्षेत असलेल्या अर्जदाराला बरीच कार्यालये थांबायला सांगतात.

तिसरी बाब पेन्शनच्या नोंदीची, आणि येथे बहुतेकांची गफलत होते. पगाराच्या १८.६ टक्के इतका हप्ता पेन्शन विम्यात जातो, निम्मा कर्मचाऱ्याकडून आणि निम्मा कंपनीकडून. पगारपत्रकावर ही कपात दरमहा दिसते, परंतु पेन्शन विमा संस्थेकडे कंपनी वर्षाचा तपशील पुढील वर्षीच्या १५ फेब्रुवारीपर्यंत कळवते. याचा अर्थ असा की जून २०२६ मध्ये मागवलेल्या उताऱ्यात डिसेंबर २०२५ पर्यंतचेच महिने दिसतील आणि चालू वर्षाचे पाच महिने दिसणारच नाहीत. ते हप्ते बुडालेले नसतात. उताऱ्यासोबत जानेवारी ते मे या महिन्यांची पगारपत्रके जोडली की हिशेब जुळतो. एखाद्या महिन्यात दीर्घ बिनपगारी रजा घेतली असेल तर मात्र तो महिना खरोखरच गळू शकतो.

बाकीच्या अटी किरकोळ आहेत. आरोग्य विमा हवा, घराचा भाडेकरार हवा, आणि घर पुरेसे मोठे हवे, म्हणजे सहा वर्षांवरील प्रत्येक माणसामागे १२ चौरस मीटर जागा असली की कोणी हरकत घेत नाही. मुंबईकराला हा हिशेब ऐकून हसू येईल. जर्मनीची कायदा व समाजव्यवस्था समजते हे दाखवण्यासाठी ३३ प्रश्नांची एक चाचणी असते आणि पीआरसाठी त्यांपैकी १५ उत्तरे बरोबर यावी लागतात. पदवीधर नोकरदारांना काही कार्यालये ही चाचणी माफ करतात, काही करत नाहीत; आपल्या शहरात काय चालते हे विचारून घ्यावे. पासपोर्टचे काम मात्र सगळ्यांच्या आधी उरकावे, कारण पासपोर्ट ज्या तारखेला संपतो तिच्या पुढचे कार्ड दिले जात नाही आणि फेब्रुवारी २०२७ पर्यंतचे कार्ड घेऊन पुन्हा तेच हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. मुंबईत अंधेरी, मालाड किंवा लोअर परळच्या केंद्रावर नूतनीकरण होते, परंतु पोलीस पडताळणी लांबली तर सुटी संपते आणि पासपोर्ट मिळालेला नसतो. म्युनिकमध्येच भारतीय वकिलात आहे, तेथे हे काम करणे अधिक सुरक्षित.

आता तारखा. जूनपर्यंत बी-वनचे प्रमाणपत्र आणि नव्या कराराचे पत्र, दोन्ही हाती आले, तर मुदतवाढीच्या भानगडीत न पडता पीआरचा अर्ज करावा आणि त्याच अर्जात एक ओळ घालावी : पीआर देता येत नसल्यास पर्यायाने ब्लू कार्डाची मुदत वाढवून द्यावी. ही ओळ फार महत्त्वाची आहे. केवळ पीआर मागितला आणि तो कार्ड संपल्यानंतर नाकारला गेला, तर हातात काहीच उरत नाही. पर्यायी मागणी केलेली असेल तर कार्यालयाला तिचाही निकाल द्यावा लागतो. सप्टेंबर उजाडला तरी बी-वन झालेली नसेल, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे मुदत संपण्यापूर्वी सुमारे आठ आठवडे, मुदतवाढीचा अर्ज टाकावा आणि पीआरचा अर्ज डिसेंबरनंतर सवडीने करावा. मुदतवाढीचे शुल्क ९३ युरो आणि पीआरचे ११३ युरो आहे. हे पैसे दोनदा भरावे लागले तरी चालतील, पण ते वाचवण्यासाठी कार्ड संपू देऊ नये.

मुदतवाढीच्या वेळी पगार त्या वर्षीच्या किमान मर्यादेत बसतो का, हे पुन्हा तपासले जाते आणि ही मर्यादा दर जानेवारीत वाढते. २०२४ मध्ये ती ४५,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७०० युरो आहे. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी, ज्यांत सॉफ्टवेअर येते, ती २०२४ मधील ४१,०४१.८० युरोंवरून ४५,९३४.२० युरोंवर गेली आहे. पहिल्या करारात जेमतेम मर्यादेवर असलेला पगार दोन वर्षांत वाढलेला नसेल, तर नवा करार करताना ही रक्कम कंपनीसमोर ठेवावी. मुदतवाढीचा अर्ज डिसेंबरऐवजी जानेवारीवर ढकलणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी बर्लिनमध्ये नोकरी करते. माझे ब्लू कार्ड २० मार्च २०२६ रोजी संपते. २१ महिने पूर्ण झाले आहेत, बी-वन आहे, आणि जानेवारीतच मी पीआरचा ऑनलाइन अर्ज केला. पण अजून अपॉइंटमेंट नाही. एप्रिलच्या शेवटी मुलुंडला बहिणीचे लग्न आहे. कार्ड संपल्यावर मला काम थांबवावे लागेल का, आणि मुंबईला येऊन परत जाता येईल का?
— एक वाचक, मूळ मुक्काम मुलुंड

उत्तर : काम थांबवावे लागणार नाही. जर्मन वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमानुसार, जुन्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा किंवा दुसऱ्या परवान्याचा अर्ज केलेला असेल, तर निकाल लागेपर्यंत जुना परवाना त्याच्या सर्व हक्कांसह चालू आहे असे मानले जाते. आपला अर्ज मुदतवाढीचा नसून पीआरचा आहे, तरीही हे संरक्षण मिळते. अपॉइंटमेंट कधी मिळाली याला येथे महत्त्व नाही, अर्ज कधी पोहोचला याला आहे. म्हणून अर्ज पोहोचल्याची जी पावती वा ईमेल आला असेल, त्याची प्रत जपून ठेवावी आणि एक प्रत कंपनीला द्यावी, कारण परवाना चालू असल्याची खातरजमा करणे ही कंपनीचीही जबाबदारी असते. अर्ज एक दिवस जरी उशिरा गेला असता तरी हे संरक्षण आपोआप मिळाले नसते, ते कार्यालयाच्या मर्जीवर अवलंबून राहिले असते.

प्रवासाचे उत्तर वेगळे आहे. कायद्याने परवाना चालू आहे, हे मुंबई विमानतळावरच्या काउंटरवर कायद्याचे कलम सांगून पटवता येत नाही. त्यासाठी कागद लागतो. त्या कागदाला फिक्त्सिओन्स-बेशाइनिगुंग म्हणतात, त्याचे शुल्क १३ युरो आहे, आणि त्यावर तीन चौकटींपैकी एकीवर खूण केलेली असते. खूण तिसऱ्या, म्हणजे कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाच्या चौकटीवर असेल तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येते. तिसऱ्या उपकलमाच्या चौकटीवर खूण असेल तर वास्तव्य वैध असते, पण बाहेर गेल्यास त्या कागदावर परत प्रवेश मिळत नाही. कागद हातात पडताच ती खूण तपासावी. प्रवासात हा कागद, मुदत संपलेले ब्लू कार्ड आणि पासपोर्ट हे तिन्ही बरोबर ठेवावेत; जुने कार्ड घरी ठेवून येऊ नये.

तेव्हा आजच कार्यालयाला लिहून कळवावे की २० मार्चनंतर अमुक तारखेला प्रवास आहे, कारण बहिणीचे लग्न आहे, आणि त्यापूर्वी हे प्रमाणपत्र हवे आहे. पत्रिका छापून झाली असेल तर तिकिटासोबत तीही जोडावी, कारण ठरावीक तारखेच्या कामाला कार्यालये थोडे झुकते माप देतात. कागद न घेता मुंबईला येऊ नये, असे मी ठामपणे सांगेन. तसे केले तर परतण्यासाठी नरिमन पॉइंटच्या जर्मन वकिलातीकडून नवा व्हिसा घ्यावा लागेल आणि त्याला किती आठवडे लागतील हे आपल्या हातात राहणार नाही. त्यात नोकरीवर हजर न राहिल्याचा प्रश्न वेगळाच. अर्जाला तीन महिने होऊन गेले आणि कार्यालयाने सबळ कारणाशिवाय काहीच हालचाल केली नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दिरंगाईचा दावा दाखल करता येतो. असा दावा दाखल होताच पुष्कळदा फाइल हलते. तरी लग्नाच्या धावपळीत तो मार्ग धरण्यापेक्षा प्रमाणपत्राचा तगादा लावणे अधिक फलदायी ठरेल.

प्रश्न : माझ्या मुलाला फ्रँकफर्ट येथे पीआर मिळण्याच्या बेतात आहे. सूनबाई त्याच्या आधाराने तेथे गेली असून तिच्या कार्डाची मुदत मुलाच्या जुन्या कार्डाबरोबरच संपते. मुलाला पीआर मिळाला की तिलाही आपोआप मिळेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. जोडीदाराचे कार्ड ज्याच्या आधाराने ते दिले आहे त्याच्या परवान्यापलीकडच्या मुदतीचे देता येत नाही, म्हणून दोघांच्या तारखा सारख्या दिसतात, पण अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. मुलाने पीआरचा अर्ज केला म्हणून सूनबाईंच्या कार्डाला संरक्षण मिळत नाही. त्यांनी स्वतःचा मुदतवाढीचा अर्ज त्यांच्या तारखेपूर्वी केलाच पाहिजे, आणि घाईत नेमका हाच अर्ज राहून जातो. मुलाला पीआर मिळाल्यानंतर त्यांच्यासाठीही वाट सोपी होते : स्वतःचा वास्तव्य परवाना तीन वर्षे झालेला असावा, आठवड्याला किमान २० तासांची नोकरी असावी आणि जर्मन बी-वन पातळीचे यावे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत जाण्यापूर्वी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे अनेक मुली भाषा शिकणे पुढे पुढे ढकलत राहतात. सूनबाईंचा वर्ग सुरू झाला नसेल तर आता व्हावा.

प्रश्न : पीआर घेतल्यावर माझी मुलगी भारतीय नागरिक राहील का?
— एक निवृत्त शिक्षक, दादर

उत्तर : राहील. पीआर हा दुसऱ्या देशात राहण्याचा परवाना आहे, तिचा भारतीय पासपोर्ट तसाच राहतो. भारतीय नागरिकत्व जाते ते स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यावर, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार. जून २०२४ पासून जर्मनी जुने नागरिकत्व सोडायला सांगत नाही हे खरे, पण भारताचा कायदा बदललेला नाही. जर्मन नागरिकत्वाचा विचार साधारणपणे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर येतो. तीन वर्षांची जवळची वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली आहे.

प्रश्न : माझी मुलगी श्टुटगार्टला असते. तिचे ब्लू कार्ड २०२८ पर्यंत आहे, बी-वन झाली आहे आणि २४ महिने भरले आहेत, म्हणजे पीआरचा अर्ज ती आता करू शकते. दरम्यान माझ्या यजमानांना पक्षाघात झाला. ती सात-आठ महिने गिरगावात येऊन राहायचे म्हणते. आधी पीआर पक्के करून मग यावे, म्हणजे काळजी नको, असे सगळे सांगतात. आपले मत काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : 'पीआर पक्के झाले की कितीही काळ बाहेर राहिले तरी चालते' ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे, आणि आपल्या मुलीच्या बाबतीत ती नेमकी उलटी आहे. ब्लू कार्डधारक सलग बारा महिन्यांपर्यंत जर्मनीबाहेर राहिला तरी बाहेर राहण्याच्या कारणावरून त्याचे कार्ड रद्द होत नाही. साधा पीआर घेतलेला माणूस मात्र सहा महिन्यांत परतला नाही तर त्याचा पीआर आपोआप संपतो. कोणी नोटीस पाठवत नाही, कोणी निर्णय देत नाही, परत येताना सीमेवरच ते कळते. म्हणजे सात-आठ महिन्यांच्या मुक्कामासाठी आज तिच्या हातात असलेले कार्डच अधिक सोयीचे आहे.

तरीही ब्लू कार्डावरच यावे असे मी सरळ सांगत नाही, कारण ते कार्ड नोकरीवर उभे आहे. कंपनी बिनपगारी रजा लेखी द्यायला तयार असेल आणि परत आल्यावर तीच नोकरी राहणार असेल, तर ब्लू कार्डावर यावे, दीर्घ रजेची माहिती कार्यालयाला आधी द्यावी, आणि परतून काही महिने काम केल्यावर पीआरचा अर्ज करावा. पूर्ण झालेले २४ महिने कोठे जात नाहीत. बिनपगारी रजा एक महिन्याहून लांबली की सामाजिक विम्याच्या हिशेबात नोकरीत खंड पडला असे धरतात, त्यामुळे आरोग्य विम्याचे काय होणार हे विमा कंपनीशी बोलून आधी ठरवावे. कंपनीचे दिवस बरे चाललेले नसतील, कपातीची कुजबुज असेल, तर मात्र क्रम उलटा असावा. पीआर असलेल्याची नोकरी गेली तरी परवाना राहतो, ब्लू कार्डधारकाची गेली तर त्याला ठरावीक काळात दुसरी शोधावी लागते. अशा स्थितीत तिने पीआर घ्यावा, आणि निघण्यापूर्वी कार्यालयाकडून सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ बाहेर राहण्याची मुदत लेखी मागून घ्यावी. कायद्यात तशी सोय आहे, आणि वडिलांच्या आजारपणाची रुग्णालयाची कागदपत्रे, औषधोपचार किती महिने चालतील याचे डॉक्टरांचे इंग्रजी पत्र जोडले तर हा अर्ज समजण्यासारखा ठरतो. मुदत मिळाल्याचा कागद हाती नसताना सहावा महिना ओलांडू नये.

यात दोन गोष्टी ती करून बसेल अशी भीती वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. पहिली, पीआरचा अर्ज टाकून लगेच विमानात बसणे. बोटांचे ठसे देण्यासाठी आणि कार्ड घेण्यासाठी तिला स्वतः जावे लागेल, आणि ती बोलावणी कधी येतील ते सांगता येत नाही. अर्ज केला तर कार्ड हाती येईपर्यंत तेथे राहावे, लागलीच यायचे असेल तर अर्ज परतल्यावर करावा. दुसरी, भाडे वाचवण्यासाठी घर सोडणे, सामान विकणे आणि नगरपालिकेच्या नोंदीतून नाव काढून टाकणे. कायद्यात महिन्यांच्या मोजणीखेरीज आणखी एक तरतूद आहे : परतण्याचा हेतू नसलेले, कायमचे जाणे असेल तर परवाना त्याच दिवशी संपतो, मग तो ब्लू कार्ड असो की पीआर. घर मोडून गेलेल्या माणसाला 'मी आठ महिन्यांसाठीच गेले होते' हे सिद्ध करणे जड जाते. घरमालकाच्या परवानगीने खोली पोटभाड्याने द्यावी, पत्ता कायम ठेवावा.

सहा महिने भरण्याआधी दोन दिवसांसाठी जर्मनीत जाऊन परत येण्याची युक्तीही पुष्कळ जण सांगतात. एकदा अडचणीपोटी तसे घडले तर निभावून जाईल, पण राहणे मुंबईत आणि फेऱ्या जर्मनीत असा क्रम दिसू लागला तर तेथे खरोखर राहता का, असा प्रश्न येतोच, आणि पासपोर्टवरचे शिक्के त्याचे उत्तर देतात. यजमानांची शुश्रूषा वर्षानुवर्षे करावी लागेल असे दिसत असेल, तर पाच वर्षे पूर्ण झाल्यावर युरोपीय संघाच्या दीर्घकालीन वास्तव्याच्या परवान्याचा विचार करावा. त्यावर संघाबाहेर सलग बारा महिने, आणि पूर्वी ब्लू कार्ड असलेल्यांना चोवीस महिने राहता येते. त्यासाठी पेन्शनचे ६० महिन्यांचे हप्ते लागतात, म्हणजे आजवरचे २४ महिने धरून तिला नोकरीची आणखी तीन वर्षे भरावी लागतील.